कंबरेचे आतले स्नायू कसे जागे करायचे: चटईपासून लोकलपर्यंत

बादली उचलायला वाकलात आणि कंबर धरली. चार दिवस शेक, गोळी, पट्टा. तीन आठवड्यांत दुखणं गेलं, विषय संपला. मग सहा महिन्यांनी बूट घालताना पुन्हा तेच. हे रहाटगाडगं घरोघरी दिसतं, आणि त्यामागचं एक कारण फार थोड्यांना सांगितलं जातं: दुखणं थांबलं तरी मणक्यांना लगडलेले छोटे स्नायू आपोआप कामावर परततात असं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या संशोधकांनी १९९६ मध्ये, आयुष्यात पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांमध्ये हे तपासलं. दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस नावाचा स्नायू बारीक झाला होता. चार आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं गेलं, पण नेमका व्यायाम न केलेल्यांचा स्नायू दहाव्या आठवड्यातही भरला नव्हता. वर्षभरात त्यांच्यातल्या ८४ टक्के लोकांची कंबर पुन्हा दुखली. व्यायाम केलेल्यांत हेच प्रमाण ३० टक्के होतं. गट लहान होता, तेवढं मनात ठेवून हे आकडे वाचा.

खालचा क्रम साधारण १२ आठवड्यांचा आहे. रोज १५ ते २० मिनिटं लागतात. पहिले दोन आठवडे काहीच होत नाहीये असं वाटेल, कारण या स्नायूंना घाम गाळायला लावायचं नसून वेळेवर कामाला यायला शिकवायचं आहे. इथेच बरेच लोक सोडून देतात.

१. आधी हे तपासा, तोवर चटई गुंडाळलेलीच ठेवा

लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद कमी होते आहे: यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. उद्याच्या ओपीडीची वाट पाहू नका.

संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं आणि आडवं पडूनही न थांबणारं दुखणं असेल तर आधी डॉक्टर. मणक्याचा क्षयरोग आपल्या मुंबईत दुर्मीळ नाही आणि तो कितीही व्यायाम केला तरी जात नाही. पूर्वी कर्करोग झालेला असणं, नुकतंच पडणं, बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असणं, ही कारणंसुद्धा आधी तपासणी करायला लावणारीच.

घरी करण्याजोगी एक चाचणी: टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. एका बाजूचा पंजा वर उचलतच नसेल किंवा टाच टिकत नसेल तर नस दबलेली असू शकते. तेव्हा या लेखावरून व्यायाम सुरू करू नका. गरोदरपण, सिझेरियननंतरचे पहिले महिने, हर्निया किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल तरीही पहिली पायरी फिजिओसमोरच चढा.

२. कुठले स्नायू, आणि ते करतात काय

चार जणांची टोळी आहे. मागे मल्टिफिडस: कण्याच्या दोन्ही बाजूंना, एका मणक्यावरून दोन-चार मणके ओलांडून जाणारे छोटे पट्टे. पुढे आणि बाजूंनी पोटाचा सगळ्यात आतला थर, ट्रान्सव्हर्सस अॅब्डॉमिनिस. कमरेला गुंडाळलेल्या उपरण्यासारखा. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ.

निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलायच्या आधीच पोटाचा हा आतला थर आवळतो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा येतो, हेही १९९६ मध्येच मोजून दाखवलं गेलं. तोपर्यंत वरचे मोठे स्नायू सगळा भार घेतात आणि कंबर फळीसारखी ताठ होते. म्हणून ‘कंबर कमजोर आहे’ असं समजून थेट वजनं उचलायला गेलात तर आधीच राबणारे स्नायूच आणखी राबतात.

३. काय लागेल

लादीवर घालायला चटई आणि तिच्यावर सतरंजी. पलंगाची गादी चालत नाही. तिच्यात कंबर रुतते आणि हाताला काही कळत नाही. एक नॅपकिन, एक लाटणं, लादी पुसायच्या मॉपचा सरळ दांडा, घड्याळ. घरात हाताने पंप करायचं, काटा असलेलं बीपी मशीन पडलं असेल तर ते काढा, त्याचा फार छान उपयोग होतो. जागा म्हणाल तर सहा फूट बाय तीन फूट पुरते, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत टीपॉय सरकवला की झालं.

४. पहिले दोन आठवडे: पोटाचा आतला थर शोधणं

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं लादीवर. कंबर लादीला दाबू नका आणि मुद्दाम उचलूही नका. खाली तळहात जेमतेम सरकेल एवढी नैसर्गिक फट राहू दे.

आता खुब्याच्या पुढच्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागतं ते शोधा. तिथून दोन बोटं आत आणि थोडं खाली दोन्ही हातांची बोटं टेकवा. श्वास सहज सोडा आणि सोडता सोडता बेंबीखालचा भाग हळूच आत न्या, घट्ट पँटच्या हुकाला पोट लागू नये म्हणून नेतो तितकाच. बोटांखाली कापड ताणल्यासारखा सावकाश ताण यायला हवा. बोटं वर ढकलली गेली तर बाहेरचा थर आला. जोर निम्मा करा. पूर्ण ताकद १०० धरली तर इथे २० ते ३० लागते.

हाती लागत नसेल तर दुसरी खूण: लघवी मध्येच थांबवतो तसं हलकं आत ओढा, बहुतेकांना त्याबरोबर पोटाचा थरही सापडतो. ही फक्त कल्पना करायची आहे, खरोखर लघवी करताना हा सराव करू नये.

ताण धरून ठेवा आणि श्वास चालू ठेवा. हीच खरी परीक्षा. १० सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा. दिवसातून दोनदा. सुरुवातीला तीन-चार सेकंदांत निसटेल, तर तेवढंच धरा. धरलेलं असताना मोठ्याने वीस आकडे म्हणता आले तर श्वास अडकलेला नाही हे नक्की.

बीपी मशीनची युक्ती अशी: पट्टा घडी करून कंबरेच्या पोकळीखाली ठेवा आणि काटा ४० वर येईपर्यंत हवा भरा. पोट आत नेताना काटा ४० च्या आसपासच राहिला पाहिजे. तो ५०-६० वर गेला तर तुम्ही कंबर खाली दाबताय. ३० कडे उतरला तर कंबर कमान करतेय. फिजिओकडे याच तत्त्वाचं वेगळं उपकरण असतं. घरचा पट्टा थोडी हवा सोडतो, त्यामुळे काटा सावकाश एक-दोनने उतरला तर गोंधळू नका.

इथे होणाऱ्या चुका बहुतेक तीनच: बरगड्या खाली खेचणं, कुल्ले आवळणं आणि श्वास कोंडणं. बीपी असलेल्यांनी तिसरी चूक अजिबात करू नये.

५. त्याच आठवड्यांत: मल्टिफिडस

उभे राहा. दोन्ही अंगठे कंबरेच्या सगळ्यात खालच्या भागात, कण्याच्या मधल्या उंचवट्याच्या अगदी लगत दोन बाजूंना रोवा. किंचित पुढे झुका: अंगठ्यांखालचं मांस टणक होतं. सावकाश सरळ होऊन जरा मागे रेला: ते मऊ पडतं. एका बाजूला अंगठा लोण्यात गेल्यासारखा रुतत असेल तर ती सुस्त बाजू. बऱ्याचदा दुखणारीही तीच असते.

आता पालथे झोपा, पोटाखाली नॅपकिनची घडी. एक हात पाठीमागे नेऊन बोट त्याच जागी ठेवा. खांदा दुखत असेल तर घरच्या कुणाला तरी ठेवायला सांगा. तसं अधिक नीट कळतं. पाय न उचलता, कंबर न हलवता बोटाखालचा भाग हळूच ‘फुगवायचा’. विचित्र सूचना आहे, पण याहून नेमकी सांगता येत नाही. श्वास चालू, १० सेकंद, १० वेळा. टणक दोरी तटकन वर आली तर वरचे लांब स्नायू आलेत. सोडा आणि आणखी हळू करा.

६. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात: हातपाय हलवा, कंबर स्थिर

आधीचा ताण १० सेकंद, १० वेळा, श्वासासह जमू लागला की मगच इकडे या. नाहीतर आणखी आठवडा तिथेच थांबा.

टाच सरकवणं: पाठीवर, गुडघे वाकवलेले, पायात मोजे. लादीवर मोजा छान सरकतो. पोटाचा ताण धरून एक टाच पाय सरळ होईपर्यंत पुढे न्या, परत आणा. दोन्ही बाजूंना १०-१०. कंबरेखालची फट वाढली की तिथेच थांबा. तेवढाच तुमचा आजचा पल्ला.

पूल: पाठीवरच, टाचा कुल्ल्यांपासून वीतभर अंतरावर. कुल्ले उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेष, १० सेकंद. मांडीच्या मागे गोळा येतोय? पावलं लांब गेलीत, जवळ घ्या.

हात-पाय उचलणं: हा या क्रमातला सगळ्यात कामाचा व्यायाम, आणि सर्वाधिक बिघडवला जाणाराही. घोडा-घोडा खेळताना असतो तसे चौपायी या: खांद्यांखाली तळहात, खुब्यांखाली गुडघे, गुडघ्यांखाली दुमडलेली सतरंजी. कमरेवर, कण्याच्या खळगीत, लाटणं उभं म्हणजे डोक्याकडून शेपटाकडे जाईल असं ठेवा. आधी फक्त उजवा पाय मागे सरकवत न्या, चवडा लादीवरच. लाटणं टिकलं तर पाय उचला, पण कुल्ल्यांच्या पातळीच्या वर नाही. मग डावा हात. ८ ते १० सेकंद, त्याहून जास्त नको. लाटणं एका बाजूला घरंगळलं म्हणजे खुबा त्या बाजूला कलला. पाय जितका उंच तितका फायदा असं समजून लोक कमरेची कमान करतात आणि दुसऱ्या दिवशी दुखतं म्हणून व्यायामालाच दोष देतात.

कुशीवरची फळी: कुशीवर, गुडघे वाकवून, कोपर खांद्याच्या बरोबर खाली. कुल्ले उचलून १० सेकंद. जमू लागलं की गुडघे सरळ करून पावलांवर.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी शेवटचे दोन आणि अर्धवट उठण्याचा एक प्रकार असे तीन व्यायाम लोकप्रिय केले. त्यांची उतरती मोजणी घेण्यासारखी आहे: १०-१० सेकंदांची पाच आवर्तनं, थोडा दम, मग चार, मग तीन. थकलेल्या स्नायूवर शेवटची आवर्तनं कमी पडतात, त्यामुळे ढब बिघडत नाही. एक मिनिट फळी धरून थरथरण्यापेक्षा हे कैक पटीने बरं.

व्यायाम सकाळी उठल्या उठल्या करू नका. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि पहिल्या तासाभरात वाकण्याचा ताण त्यांना जास्त बसतो.

७. सातव्या आठवड्यापासून: घर, पाणी आणि लोकल

चटईवर जमलेलं तिथेच राहिलं तर काही उपयोग नाही.

सुरुवात वाकण्यापासून. मॉपचा दांडा पाठीवर उभा धरा: डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाडाच्या वरचं हाड, तिन्ही ठिकाणी तो टेकला पाहिजे. आता कुल्ले मागे ढकलत खुब्यातून वाका, मागे ड्रॉवर आहे आणि तो कुल्ल्यांनी बंद करायचाय असं. तीनपैकी एक जागा सुटली की थांबा. रोज १०-१५ वेळा. आठवड्याभरात दांड्याशिवाय जमतं.

मग पाणी. अनेक चाळींत आणि जुन्या इमारतींत पालिकेचं पाणी पहाटे येतं, म्हणजे चकत्या फुगलेल्या असतात नेमकं तेव्हाच बादल्या आणि कळशा उचलायच्या. पाण्याची वेळ बदलता येत नाही, उचलणं बदलता येतं. अलार्म २० मिनिटं आधीचा लावा आणि तेवढा वेळ घरात उभ्याने वावरा. नळाला पाइप लावून थेट पिंपात पाणी सोडा. बादलीच लागणार असेल तर २० लिटरची एक भरण्याऐवजी १० लिटरच्या दोन, दोन हातांत. एका हातातली भरलेली बादली कण्याला बाजूला ओढते. उचलण्याआधी श्वास सोडत पोटाचा तोच २०-३० टक्क्यांचा ताण, बादली पायांच्या मध्ये, मग खुब्यातून वर. वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर नको.

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच रिकाम्या टाकीचं वजन असतं. तो उचलायचा नाही. तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत न्यायचा.

लोकलमध्ये उभ्याने: पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, एक जरा पुढे, गुडघे ताठ न ठेवता सैल. बॅग पोटावर. डबा, बाटली आणि लॅपटॉप मिळून ती सहज पाच-सहा किलोंची होते; एका खांद्यावर लटकवून विरारपर्यंत उभं राहिलात तर सकाळचा व्यायाम वाया. ब्रेक लागेल म्हणून पूर्ण प्रवासभर पोट आवळून धरू नका. हलकी तयारी ठेवा, धक्का आला की शरीर स्वतः आवळेल, हे शिकवण्यासाठीच तर पहिले सहा आठवडे गेले. तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर एकाच कुल्ल्यावर बसावं लागतं आणि कण्याला पीळ पडतो. तिथे अर्ध्या तासाहून जास्त बसण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं. पटणार नाही, तरी करून पाहा.

शिंकेआधी एक हात ओट्यावर किंवा मांडीवर टेकवा. रिक्षात मागे पूर्ण टेकून बसा आणि खड्डा दिसला की पावलं खाली दाबा.

चालणं यात धराच. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत, कंबरदुखी बरी झाल्यावर हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटांपर्यंत चालणाऱ्यांना पुन्हा दुखेपर्यंत मध्यक (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस मिळाले, हा कार्यक्रम न दिलेल्यांना ११२. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला सावकाश दोन फेऱ्या झाल्या की अर्धा तास होतोच.

८. कुणाला दाखवायचं आणि सोबत काय न्यायचं

परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, मुंबई सेंट्रलचं नायर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. सकाळी लवकर पोहोचा, आधी केसपेपर काढावा लागतो.

सोबत:
- आधार कार्ड आणि जुना केसपेपर
- एक्स-रे किंवा एमआरआयच्या फिल्म, फक्त छापील अहवाल नव्हे
- चालू गोळ्यांची यादी किंवा रिकामी पाकिटं
- सैल पायजमा किंवा ट्रॅकपँट. जीन्स घालून पाठ तपासता येत नाही
- दुखणं कधी वाढतं आणि कधी कमी होतं, याच्या चार ओळी

फिजिओला तीन गोष्टी विचारा: माझा कुठला स्नायू सुस्त आहे ते हाताने दाखवाल का, घरी नेमकं काय आणि किती वेळा करू, पुढच्या पायरीवर कधी जाऊ? दहा दिवस नुसतं मशिन लावून शेक मिळत असेल आणि व्यायाम शिकवलाच जात नसेल तर जागा बदला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं, त्यात व्यायामाची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (कंबर ताणणं) आणि अल्ट्रासाउंडचा शेक नेहमीच्या उपचारात नको असं म्हटलं आहे.

९. गॅप आणि इतर सापळे

‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकून माणसं वर्षानुवर्षं वाकत नाहीत. चकतीची उंची कमी होणं, ती फुगणं हे वयाबरोबर होतं. अजिबात कंबर न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र केले गेले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ८० व्या वर्षी ९६ टक्क्यांच्या. अहवालातला शब्द आणि तुमचं दुखणं यांचा संबंध तपासणाऱ्यालाच जुळवू द्या.

दुसरा सापळा म्हणजे हेच व्यायाम जादूचे आहेत असं मानणं. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल) असे नेमके व्यायाम इतर व्यायामांहून फार सरस ठरले नाहीत. सूर्यनमस्कार किंवा पोहणं तुम्हाला मानवत असेल तर सोडू नका. आतले स्नायू जागे झाल्यावर तेही जास्त सुखाने होईल. आणि सिट-अप्स (पाठीवर झोपून पूर्ण उठून बसणं), पाय सरळ ठेवून दोन्ही एकदम उचलणं हे प्रकार पहिले १२ आठवडे बाजूला ठेवा. त्यांनी चकत्यांवर मोठा दाब येतो आणि आतल्या थराला फारसं काही मिळत नाही.

१०. दुखलं तर

व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालतं, पण ते २४ तासांत पूर्वपदावर आलं पाहिजे. आलं नाही तर पुढच्या वेळी आवर्तनं निम्मी करा. पायात खाली उतरलेली कळ हळूहळू वर, कंबरेकडे सरकत असेल तर कंबर जास्त दुखली तरी ती चांगली खूण असते. उलट कंबरेतली कळ पोटरीकडे, पंजाकडे जाऊ लागली तर तो व्यायाम तिथेच थांबवा आणि दाखवून या.

कंबर पुन्हा धरलीच तर दिवसभर पडून राहू नका. लादीवर पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, खुबे आणि गुडघे काटकोनात, १० मिनिटं. मग घरातल्या घरात पाच मिनिटं चाला. दर तासाला हेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीव्रता ओसरली की चौथ्या पायरीपासून सुरू करा, सोडलं होतं तिथून नको. पहिल्या वेळी तिला दोन आठवडे लागले होते, यावेळी साधारण तीन-चार दिवस पुरतात. १२ आठवडे पूर्ण झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस सहाव्या पायरीचे व्यायाम आणि रोजचं चालणं एवढं ठेवलं तरी भागतं.